पाण्यातला मका

पेरू, पपई, अननस, मिरची ही वसईच्या वाड्यांत इतकी रुळली आहेत की ती अमेरिका खंडातून पोर्तुगीज अमदानीत हिंदुस्थानात आली, हे आज मुद्दाम सांगावे लागते. त्याच खंडातील एक जलवनस्पती मात्र तेव्हा इकडे आली नाही. त्या महाकाय कमळाचे ग्वारानी भाषेतील नाव 'इरुपे', म्हणजे पाण्यावरचे ताट. कोरिएन्तेस प्रांतातील स्पॅनिश रहिवासी त्याला 'पाण्यातला मका' म्हणत, कारण त्याचे वाटाण्याएवढे बी ते भाजून खात.

१८०१ साली बोलिव्हियातील मामोरे नदीतून जाताना वनस्पतिशास्त्रज्ञ हेंके याने हे फूल पाहिले आणि गुडघे टेकून निर्मात्याची थोरवी गाइली. होडीत सोबत असलेले मिशनरी फादर ला क्वेवा यांनीच ही हकीकत पुढे फ्रेंच प्रवासी दॉर्बिन्यी यांना सांगितली. हेंकेने स्वतः त्याविषयी काहीच प्रसिद्ध केले नाही. १८३२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पेपिग याने त्याला 'युरिआले' कुळात बसविले. युरिआले म्हणजे बिहारच्या तळ्यांतील ती काटेरी वनस्पती, जिचे मखाणे आपण वाण्याकडून आणतो. नाते त्याने ठीक ओळखले होते. पण १८३७ मध्ये लिंडले याने इंग्लंडच्या राणीचे नाव दिले आणि तेच टिकले. खाणाऱ्यांनी दिलेले नाव मागे पडले, याची मला खंत वाटते.

हे पीक जहाजांवरून का आले नाही? उत्तर बहुधा बीजातच आहे. मक्याचा दाणा वाळवून पोत्यात भरता येतो. हे बी वाळले की मरते. इंग्लंडला पाठविलेले बियाणे वारंवार वाया गेले. अखेर १८४९ मध्ये डॉ. रोडी यांनी डेमेरारा येथून ते स्वच्छ पाण्याच्या बाटल्यांतून क्यू उद्यानाकडे धाडले, तेव्हा कुठे रोपे तगली. त्यातील एक रोप चॅट्सवर्थच्या पॅक्स्टनकडे गेले. त्याने कोळसा जाळून टाकीतील पाणी ऊबदार ठेवले, ते हलते राहावे म्हणून लहानसे चाक बसविले (आपल्या रहाटाचा हा दूरचा भाऊच!) आणि नोव्हेंबरात फूल उमलविले. पानावर त्याची सात वर्षांची कन्या उभी राहिली. चित्रे छापली गेली ती तिची. भाजलेल्या दाण्यांची आठवण कोणाला?

पुढे हे कमळ कोलकात्याजवळील शिबपूरच्या उद्यानातही रुजले, पण शोभेसाठी.

ऊबदार पाणी, तळाचा गाळ आणि रखरखीत ऊन, पॅक्स्टनने पैसे ओतून जे जमविले ते आमच्या बावखलांत फुकट होते. त्यांतील कित्येक बावखले आता भरावाखाली गेली आहेत.