एका कवटीची कुळकथा

सातारा-सांगलीकडच्या माणसाला मिशनरी म्हटलं की मिरजेचं वानलेस हॉस्पिटल आठवतं. ते १८९४ सालचं. त्याच साली रोममध्ये तेरावे लिओ पोप यांनी तोलेंतिनोच्या थॉमस या मिशनरींना धन्यपद दिलं. इटलीतल्या तोलेंतिनो गावच्या कॅथेड्रलमध्ये या थॉमस यांची कवटी जपून ठेवलेली आहे. तिची कथा सुरू होते आपल्या ठाण्यात.

थॉमस फ्रान्सिस्कन पंथाचे. निघाले होते चीनला. वाटेत कोल्लमला उतरायचं ठरलं होतं. होर्मुझहून सुटलेलं जहाज लागलं ठाण्याला. साल १३२१. देवगिरी बुडून तीन वर्षं झालेली, ठाण्यावर दिल्लीच्या सुलतानाचा अंमल. (आपले नामदेव तेव्हा हयात होते.) सोबती जॉर्डन भडोचकडे गेले आणि थॉमस, जेम्स, पीटर, दिमित्री हे चौघे एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरात उतरले.

त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं. नवऱ्यानं हात उचलला. बाई तडक काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असं काझीनं विचारल्यावर म्हणाली, घरी परदेशी साधू आहेत, त्यांनी पाहिलंय. पीटर सामान राखायला मागे थांबले, बाकीचे तिघे गेले. मारहाण राहिली बाजूला, वाद धर्मावर घसरला. पैगंबरांविषयी विचारलं तेव्हा थॉमस बोलायचं ते बोलून गेले. एप्रिलमध्ये तिघांना मारलं, दोन दिवसांनी पीटरनाही.

जॉर्डननी प्रेतं सोपाऱ्याला, आजच्या नालासोपाऱ्यात, पुरली. काही वर्षांनी आलेल्या ओदोरिक या इटालियन भिक्षूनं अस्थी उकरून चीनमधल्या झैतून बंदरात नेल्या. त्याच्या वृत्तान्तात चमत्कारांची रेलचेल आहे: अस्थी उशाशी घेऊन तो झोपला होता त्या घराला आग लागली तेव्हा तो होता तेवढाच कोपरा वाचला, वारा पडला तेव्हा एक हाड समुद्रात सोडलं आणि शिडं फुगली. ज्याची त्याची श्रद्धा. मला तरी त्या वृत्तान्तात सगळ्यात खरं वाटतं ते नवरा-बायकोचं भांडण. हुतात्म्यांच्या चरित्रात असला घरगुती तपशील मुद्दाम कोण घालेल?

थॉमस यांची कवटी पुढे त्यांच्या गावी पोचली. आणि ज्या कोल्लमला चौघांना उतरायचं होतं, तिथले बिशप म्हणून १३२९ मध्ये पोपनी जॉर्डन यांना नेमलं. भारतातले ते पहिले लॅटिन बिशप.