गोणीतलं झाड

आमच्या सोसायटीतला बकुळ सात वर्षांचा असताना एका पावसाळ्यात आडवा झाला. वारा तसा फार नव्हता. जवळ जाऊन पाहिलं, तर बुंध्याशी मुळांची वेटोळी, दोरखंड गुंडाळून ठेवावा तशी! रोपवाटिकेतून आणलेल्या काळ्या प्लॅस्टिक पिशवीचा गोल आकार मुळांनी इतकी वर्षं जपला होता. पिशवी मीच फाडली होती. पण वळलेली मुळं सोडवायची असतात, हे ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून झाडं कशात लावतात, याचा इतिहास धुंडाळायचा नाद लागला.

इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात इजिप्तची राणी हात्शेप्सुत हिने पुंत देशातून सुगंधी डिंकाची झाडं गलबतांतून आणवली. देर अल-बाहरीच्या तिच्या मंदिरात ते दृश्य भिंतीवर कोरलेलं आहे. मुळं टोपलीत, टोपली दांड्याला आणि दांडा माणसांच्या खांद्यांवर. आता टोपली म्हटली की फटी आल्याच, आणि सगळी गंमत त्या फटींत आहे.

टोपलीनंतर गोणपाट. इंग्रजीतला ‘गनी’ हा शब्द आपल्याकडच्या गोणीवरूनच गेलेला. १८५५ साली हुगळीकाठी रिश्रा इथे तागाची गिरणी सुरू झाली. ताग स्वस्त झाला, तसं मोठं झाड मातीच्या गोळ्यासकट तरटात बांधून हलवणंही सोपं झालं.

मग आलं प्लॅस्टिक. हलकं, स्वस्त आणि ओल धरणारं. रोपवाटिकावाल्यांना तरी दोष कसा द्यावा? पण गुळगुळीत भिंतीला लागलेलं मूळ वळतं आणि वळतच राहतं. कार्ल व्हिटकोम्ब या अमेरिकी संशोधकाने बुड नसलेल्या दुधाच्या खोक्यांत रोपं वाढवून पाहिली. हवा लागली की मुळाचं टोक सुकतं आणि मागून नवी तंतुमुळं फुटतात. खोक्याच्या तळाशी जे घडतं, ते कापडी पिशवीत चहूबाजूंनी घडतं. १९८०च्या दशकात तिकडे रोपवाटिकांसाठी जमिनीत पुरायच्या कापडी पिशव्या निघाल्या. गच्चीवर ठेवायच्या पिशव्या त्यांच्याच वंशातल्या.

आपल्याकडे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने शहरातल्या लोकांना सांगितलं, की उसाचं चिपाड, पालापाचोळा आणि थोडीशी माती एवढ्यावर गच्चीत भाजीपाला होतो. पिशवी कसली का असेना, त्यांचं लक्ष पांढऱ्या मुळांवर असे.

नवी कापडी पिशवी बहुधा प्लॅस्टिकच्याच धाग्यांची असते, हा विनोद मला आवडतो. खऱ्या तागाची पिशवी लवकर कुजते. शिवाय कापड पाणी धरत नाही. मे महिन्यात दोन वेळा घालावं लागतं. गावाला जायचं, तर शेजारच्या काकूंना गळ घालावी लागते.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा बकुळ लावला. या वेळी रोप कापडी पिशवीतलं होतं. पिशवी उसवली आणि आधी मुळं पाहिली. केसांसारखी बारीक, सगळीकडे पसरलेली. मग खड्ड्यात ठेवला.