अर्धी राहिलेली कथा आणि तिचे वाचक

मराठीत आणि कन्नडमध्ये 'कादंबरी' हे एका साहित्यप्रकाराचे नाव आहे. बंगाली व हिंदीने 'उपन्यास' हा शब्द पत्करला, गुजरातीने 'नवलकथा' घडविली. आपण मात्र एका विशिष्ट ग्रंथाचे, आणि त्या ग्रंथातील एका गंधर्वकन्येचे, नाव साऱ्या प्रकाराला देऊन मोकळे झालो. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली आपल्या निबंधाच्या शीर्षकात 'नावल' हा शब्द योजला होता. तो टिकला नाही. या नामकरणाने बाणभट्टाच्या कृतीचा गौरव झाला असे सामान्यतः मानले जाते. मला त्यात थोडे नुकसानही दिसते. नाव रोज तोंडी आले आणि ग्रंथ दूर राहिला. ज्यांनी तो महाविद्यालयात वाचला त्यांनीही बहुधा 'शुकनासोपदेश' तेवढाच वाचला, म्हणजे लक्ष्मीच्या चंचलपणाविषयी एका वृद्ध अमात्याने युवराजाला केलेला उपदेश. आमच्या वर्गातही तेच झाले. प्रेमामुळे माणसे मरतात आणि मेलेल्यांची वाट पाहिली जाते, ही या ग्रंथातील मुख्य गोष्ट परीक्षेपुरती तरी आमच्यापासून लपूनच राहिली.

बाण हा सातव्या शतकातील, ६०६ ते ६४७ या काळात राज्य करणाऱ्या हर्षाच्या आश्रयाचा लेखक. कथेचा मूळ धागा बृहत्कथेच्या परंपरेतला. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तही बोलका पोपट, त्याला राजसभेत आणणारी निषादकन्या आणि प्रियकराची वाट पाहणारी तापसी ही सामग्री आहे. बाणाने तिला जे रूप दिले ते थोडक्यात असे : अच्छोद सरोवराच्या काठी महाश्वेता तप करीत आहे. तिच्यावर अनुरक्त झालेला ऋषिकुमार पुंडरीक, ती पोहोचण्यापूर्वीच, चांदण्या रात्री विरहाने मेला. ती सहगमनाला सिद्ध झाली असता चंद्रबिंबातून एक दिव्य पुरुष उतरला, प्रेत उचलून घेऊन गेला आणि जाताना सांगून गेला की प्राण टाकू नकोस, तुमची पुन्हा भेट होईल. तिच्या दुःखामुळे तिची सखी कादंबरी विवाह नाकारते. आणि नेमका तेव्हाच उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड तेथे येतो. चंद्रापीडाला घरी परतावे लागते, मागाहून आलेली पत्रलेखा कादंबरीची अवस्था त्याला सांगू लागते, आणि तिचे निवेदन चालू असतानाच ग्रंथ थांबतो. बाणाचा मृत्यू झाला होता.

या ग्रंथाविषयीचे पहिले नोंदलेले वाचकमत त्याच्या मुलाचे आहे. त्याचे नाव कोठे भूषण, तर कोठे पुलिंद किंवा पुलिन असे आढळते. उत्तरभागाच्या आरंभीच्या श्लोकांत तो सांगतो की वडील स्वर्गवासी झाले आणि त्यांच्या वाणीबरोबर कथाही तुटली. ती अपुरी राहिल्याचे सज्जनांना दुःख झालेले पाहून आपण ती हाती घेतली, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. पुढे तो नावावर श्लेष करतो. कादंबरी म्हणजे मद्य; त्या रसाने सारे लोक इतके धुंद आहेत की आपल्या नीरस शब्दांनी उरलेला भाग जोडला तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही, तेव्हा भय कसले! विनयाचा हा संकेत जुना आहे, हे मान्य. परंतु त्यातून एक गोष्ट निःसंशय कळते : ही कथा ऐकणारा एक वर्ग होता, आणि महाश्वेतेला दिलेले वचन पाळले जाते की नाही हे जाणण्याची त्याला आस होती.

शास्त्रकारांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला, आणि माझ्या मते या ग्रंथाच्या साऱ्या वाचनेतिहासात तोच सर्वांत मोलाचा आहे. पुंडरीक मेल्यावर महाश्वेता जो विलाप करते, तो करुण रस की शृंगार? मरण हा शेवट असेल तर शोक हाच स्थायी भाव. पण पुनर्भेटीची आशा असेल तर रती जिवंत आहे आणि हा केवळ वियोग आहे. दहाव्या शतकात माळव्यात 'दशरूपका'वर टीका लिहिणाऱ्या धनिकाने निर्णय दिला की आकाशवाणीपर्यंत करुण, आणि तिच्यानंतर प्रवासविप्रलंभ. प्रियकर जणू परदेशी गेला आहे. चौदाव्या शतकातील ओडिशाच्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त करुणविप्रलंभ हा स्वतंत्र भेद मानला आणि त्याला उदाहरण हेच दिले. मेलेला माणूस आणि परगावी गेलेला माणूस यांना एका मापाने मोजू नये, मरण ही काही वेगळीच अवस्था आहे, असे म्हणणाऱ्यांचा पक्षही त्याने नोंदविला. हा वाद वर्गीकरणाच्या हौसेतून निघाला असे ज्यांना वाटते त्यांनी तो पुन्हा वाचावा. दिलेल्या शब्दावर विसंबून एक स्त्री सरोवराकाठी बसली आहे. तिला विधवा म्हणावे की विरहिणी, असा तो प्रश्न आहे.

विश्वनाथाने त्यात आणखी एक अट घातली. गेलेला माणूस त्याच देहाने परत मिळणार असेल तरच हा शृंगार. दुसऱ्या देहाने मिळणार असेल तर तो करुणच. ही अट हाती घेऊन उत्तरभाग वाचला की मुलाच्या रचनेतील एक मर्म उलगडते. पुंडरीक खरोखर परत येतो, पण चंद्रापीडाचा मित्र वैशंपायन म्हणून. कोणत्या ओढीने हे न कळता तो अच्छोदाकाठी महाश्वेतेकडे धाव घेतो, आणि ती त्याला ओळखत नाही. परपुरुष समजून ती त्याला पोपट होण्याचा शाप देते. ज्याची वाट पाहत होती त्यालाच तिने दारातून परत लावले! हे ऐकून चंद्रापीडाचे हृदय फुटते. त्याचा देह मात्र कोमेजत नाही, आणि कादंबरी त्या देहाची राखण करीत बसते. एकीकडे देह आहे, जीव नाही. दुसरीकडे जीव आला, पण देह निराळा. पुनर्जन्मावर श्रद्धा असलेल्या समाजात लिहिलेल्या या ग्रंथाने जन्मांतर हे प्रेमिकांचे सोपे समाधान म्हणून वापरलेले नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मरताना पुंडरीकाने चंद्राला शाप दिला, तूही भरतखंडात जन्मोजन्मी असाच पोळशील. चंद्राने उलट शाप दिला. 'जन्म' हा शब्द दोनदा उच्चारला गेला म्हणून दोन जन्म भोगणे आले. आशेचे व्याकरण इतके कठोर आहे.

यानंतरच्या वाचकांचा वृत्तान्त त्वरेने सांगण्याजोगा आहे. काश्मीरच्या अभिनंदाने नवव्या शतकात आठ सर्गांत कथासार रचले. ज्यांना समास नको, गोष्ट हवी, त्यांची ही सोय. पाटणच्या भालणाने ती गुजराती पद्यात आणली. बंगालमधील गोवर्धनाने तर वाणीनेच बाणाचे पुरुषरूप घेतले अशी कल्पना केली. टीकाकारांत अकबराच्या दरबारी वावरलेले दोन जैन मुनी आहेत : भानुचंद्राने पूर्वभागावर टीका लिहिली आणि शिष्य सिद्धिचंद्राने उत्तरभागावर, जणू बापलेकांच्या कामाची वाटणी गुरुशिष्यांनी पुन्हा करून घेतली. पुढे जहांगीराने सिद्धिचंद्राला यतिधर्म सोडून विवाह करण्याचा आग्रह केला आणि त्याने तो मानला नाही, असे त्याच्याच 'भानुचंद्रगणिचरिता'त आहे. तपस्वी कुमाराच्या प्रेमपतनाची कथा उलगडून सांगणारा हा भाष्यकार! निर्णयसागर छापखान्याने ही टीका मुळासह छापली, आणि आपल्याकडील कित्येक पिढ्यांनी तिच्याच आधाराने ग्रंथ वाचला.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वाचकांचा रोख भाषेकडे होता. वेबरने १८५३ साली या गद्याला अरण्याची उपमा दिली, जेथे वाट काढण्यासाठी झुडपे तोडावी लागतात आणि अपरिचित शब्दांची श्वापदे टपून असतात. पीटर पीटरसन यांनी १८८३ मध्ये मुंबई संस्कृत मालेत संहिता सिद्ध केली, सी. एम. रिडिंग यांचे इंग्रजी भाषांतर १८९६ सालचे, आणि तेही काटछाट केलेले. मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'तून ज्या पाच संस्कृत कवींवर निबंध लिहिले त्यांत बाण, सुबंधू व दंडी असे तिघे गद्यकार होते, ही निवड आजही लक्षणीय वाटते. कृष्णशास्त्र्यांनी आरंभिलेले 'रासेलस'चे भाषांतर विष्णुशास्त्र्यांनीच पुरे केले होते. बाणपुत्राच्या कामगिरीकडे ते कोणत्या भावनेने पाहत असतील, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

रवींद्रनाथांचे मत पुष्कळांना ठाऊक आहे. १९०७ च्या 'प्राचीन साहित्या'तील कादंबरीविषयक निबंधात त्यांनी या ग्रंथाला चित्रमालिका म्हणून पाहिले. गोष्टीला पुढे जाण्याची घाई नाही, हा त्यांच्या लेखी दोष नव्हता. त्याच पुस्तकातील काव्यातील उपेक्षितांवरच्या निबंधात त्यांनी ऊर्मिलेबरोबर पत्रलेखेचे नाव घेतले. तरुण राजपुत्राच्या अहोरात्र सन्निध असलेल्या या मुलीच्या मनात बाणाने काहीच हलू दिले नाही, ही त्यांची तक्रार. पूर्वभागापुरती ती मला रास्त वाटते.

अनेक वर्षे मीही उत्तरभाग हा अप्रतिम पुतळ्याला मागाहून बसविलेला हात समजत असे. गद्य उणे आहे, यात शंका नाही. पण पत्रलेखेला विसरला नाही तो मुलगाच. शेवटी शाप संपतात, वसंतात कादंबरीच्या आलिंगनाने चंद्रापीड डोळे उघडतो, पुंडरीक आकाशातून उतरतो, सर्वत्र आनंद होतो. आणि त्या आनंदात कादंबरी विचारते, आम्ही सगळे भेटलो, पत्रलेखा मात्र कोठे दिसत नाही. तेव्हा तिला सांगण्यात येते की ती चंद्राची पत्नी रोहिणी होती; पती शापित झाल्याचे कळून सेवेसाठी मर्त्यलोकी आली होती, आणि आता तिला परत पाठविले आहे.