सुटल्यानंतरची वेळ कुणाची?



हा विकांत पावसाने खाल्ला. ट्रेक रद्द झाला, घरात बसून चहावर चहा झाला, आणि बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला एक विषय शेवटी लिहायला घेतला. मी काही वकील नाही, साधा कोड लिहिणारा माणूस आहे. पण हा विषय आपल्या सगळ्यांच्या ऑफर लेटरमध्ये लपलेला आहे, म्हणून हा उद्योग.

सुरुवात झाली एका चौकोनापासून. गेल्या महिन्यात आमच्या हापिसात सगळ्यांना नवीन आचारसंहिता आली. बावीस पानांची पीडीएफ आणि शेवटी "वाचले, मान्य आहे" असा चौकोन. मी अर्थातच न वाचता टिक केलं. (तुम्हीही तेच केलं असतंत, उगाच साळसूदपणा नको. :) ) दोन दिवसांनी टीममधल्या एका मित्राने अकरावं पान दाखवलं. कामाच्या वेळेत आणि वेळेबाहेरही, हापिसात आणि बाहेरही, कंपनीला न शोभणारं वर्तन केलं तर कारवाई होऊ शकते, असं तिथे होतं. "न शोभणारं" म्हणजे काय, ते बावीस पानांत कुठेच नाही.

हा मित्र रविवारी मुलुंडला एका हौशी नाटकाच्या ग्रुपमध्ये काम करतो. त्यांची नवी एकांकिका आयटीतल्या नोकरकपातीवर आहे. त्याने मॅनेजरला विचारलं, "चालेल ना?" मॅनेजर म्हणाला, "कशाला रिस्क घेतोस?" झालं. मित्राने भूमिका सोडली. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं, कुठे लेखी काही नव्हतं. नुसत्या एका वाक्याने त्याचा रविवार गेला.

हे सगळं मी सहज बोलता बोलता आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना सांगितलं. आमची बिल्डिंग घाटकोपरला. आजी ऐंशीच्या पुढच्या, पण स्मरणशक्ती आपल्या सर्व्हरपेक्षा बरी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुमचं नाटकावर निभावलं. आम्हाला लग्न लपवावं लागायचं."

आजी लग्नाआधी एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. बाटल्यांना लेबलं लावायची, खोकी भरायची. त्यांच्या खात्यात नियम होता की मुलीने लग्न केलं की नोकरी संपली. आजींचं लग्न १९६३ साली झालं. त्यानंतर वर्षभर त्या गेटच्या अलीकडे मंगळसूत्र काढून रुमालात बांधायच्या, रुमाल डब्याच्या पिशवीत. संध्याकाळी सुटलं की पुन्हा गळ्यात. पुढे दिवस गेले तेव्हा लपवण्यासारखं काही राहिलं नाही आणि त्यांनी राजीनामा दिला. "कुणाशी भांडणार? नियमच होता," असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या.

मी घरी येऊन जालावर शोधायला बसलो आणि थक्क झालो. नियमच होता हे खरं. पण त्या नियमाशी कुणीतरी भांडलं होतं, आणि तेही मुंबईतच.

बॉम्बे लेबर युनियन विरुद्ध इंटरनॅशनल फ्रँचायझेस, सर्वोच्च न्यायालय, १९६५. (आजींचा कारखाना हाच होता असं मी म्हणत नाहीये. असा नियम एकाच कंपनीत नव्हता, एवढंच.) ही औषधांच्या धंद्यातली कंपनी. लग्न केलं की तिथल्या बाईची नोकरी संपायची. युनियनने हा नियम रद्द करा अशी मागणी केली, औद्योगिक न्यायाधिकरणाने ती मान्य केली नाही, म्हणून प्रकरण दिल्लीला गेलं.

कंपनीचं म्हणणं साधं होतं. हे काम टीमने करायचं असतं, एकही जण गैरहजर राहिली तर सगळ्यांचं अडतं, आणि लग्न झालेल्या बायका जास्त रजा घेतात. (हा युक्तिवाद ओळखीचा वाटतोय ना?) कोर्टाने तो सरळ तपासला. लग्न झालेली बाई जास्त गैरहजर राहते याला आधार काय? मुलांमुळे रजा पडतात म्हणावं, तर मुलं असलेल्या विधवेच्याही पडतील. मग उरला फरक फक्त बाळंतपणाच्या रजेचा. त्यासाठी चार बायका राखीव ठेवा की! नियम रद्द झाला.

त्या रजेमागेही मुंबईचाच इतिहास आहे. कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता देणारा देशातला पहिला कायदा १९२९ साली मुंबई प्रांतात झाला, आणि तो भत्ता मालकाने द्यायचा होता. पुढे १९६१ साली केंद्राचा प्रसूती लाभ कायदा आला. म्हणजे बाई कामावर असताना तिचं बाळंतपण झालं तर खर्च मालकाचा. आणि तिला लग्नालाच नोकरीतून काढलं तर? खर्चाचा प्रश्नच मिटला. आजी राजीनामा देऊन घरी बसल्या तेव्हा त्या निकालाला थोडाच अवकाश होता.

आता दुसरी गोष्ट. मी रोज घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला जातो. एअरपोर्ट रोड स्टेशनच्या आसपास विमानं डोक्यावरून इतकी खालून जातात की बोलणं थांबवावं लागतं. त्या विमानांत काम करणाऱ्या बायकांची ही गोष्ट.

एअर इंडियाच्या नियमांनुसार हवाई सुंदरीची नोकरी तीनपैकी जे आधी होईल तेव्हा संपायची: वयाची ३५ वर्षं पूर्ण झाली की, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं की, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की. त्याच विमानात तेच ट्रे उचलणारे पुरुष कर्मचारी ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत राहायचे. याविरुद्ध नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २८ ऑगस्ट १९८१ रोजी.

पहिल्या गरोदरपणाला नोकरी संपवण्याचा नियम कोर्टाने घटनाबाह्य ठरवला, आणि भाषाही कडक वापरली. हा क्रूरपणा आहे, भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे, अशा अर्थाची. ३५ नंतर कुणाला ठेवायचं हे मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर सोडणारं कलमही गेलं. पण चार वर्षं लग्न करायचं नाही, ही अट कोर्टाने कायम ठेवली. का? तोवर मुलगी जरा समंजस होते, कुटुंबनियोजनाला मदत होते, कंपनीचा प्रशिक्षणाचा खर्च वाया जात नाही, वगैरे. पुरुषांशी तुलनाही मान्य झाली नाही, कारण त्यांचा संवर्ग वेगळा!

म्हणजे बघा, १९६५ साली पॅकिंगवाल्या बाईला जो हक्क मिळाला, तो १९८१ साली विमानातल्या बाईला पुरता मिळाला नाही. मला वाटायचं की कायदा म्हणजे व्हर्जन नंबरसारखा पुढेच जातो. तसं काही नसतं.

आता तुम्ही म्हणाल, लग्न-बाळंतपण ठीक, पण अकराव्या पानाचं काय? तर तिसरी गोष्ट, आणि ही खास प्रोग्रामर मंडळींसाठी.

मोठ्या कारखान्यांत कोणतं वर्तन गैर, ते "स्थायी आदेशां"त लिहून ठेवावं लागतं. १९४६ च्या कायद्याने ही सक्ती आली. त्याआधी मालक म्हणेल तो गुन्हा असायचा. आपल्याकडच्या आदर्श स्थायी आदेशांत एक कलम होतं, त्याचा साधारण आशय असा: आस्थापनेच्या आवारात शिस्त किंवा चांगल्या वर्तनाला बाधा आणणारी कृती. प्रश्न असा की "आवारात" हा शब्द कशाला जोडायचा, कृतीला की शिस्तीला? म्हणजे कंस कुठे घालायचा? :)

मुलचंदानी इलेक्ट्रिकल अँड रेडिओ इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रकरणात हाच वाद सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली निकाली काढला. एका कामगाराने सहकाऱ्याला कारखान्याबाहेर मारहाण केली, असा आरोप होता. कोर्टाने कंस शिस्तीभोवती घातला. कृती कुठेही होवो, तिने आवारातली शिस्त बिघडत असेल तर ते गैरवर्तनच.

मग १९८३ साली ग्लॅक्सोच्या प्रकरणात न्या. डी. ए. देसाई यांच्यासमोर वेगळ्या शब्दांचं कलम आलं. त्यात कृती आवारात किंवा जवळपास घडलेली असावी असं स्पष्ट होतं. संपाच्या काळात कामावर जाणाऱ्यांना बाहेर दमदाटी आणि मारहाण झाल्याचा आरोप होता. देसाईंनी सांगितलं, बाहेर गुन्हा झाला असेल तर पोलीस आहेत. मालक हा काही सगळीकडच्या कायदा-सुव्यवस्थेचा राखणदार नाही, आणि कामगारांवर संस्कार करणारा गुरूही नाही.

मारहाण कायदेशीर नव्हे हे उघड आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. मारहाणीसारख्या प्रकरणातही मालकाचा हात गेटबाहेर किती लांब पोचतो, हे आधी छापलेल्या शब्दांवर ठरलं. कामगारांना ते शब्द मोजून दिलेले होते. आम्हाला मिळालं "न शोभणारं".

अमेरिकेत काही राज्यांनी याच विषयावर स्वतंत्र कायदे केले. कोलोराडोने १९९० साली आणि न्यूयॉर्कने १९९२ साली. कामाच्या वेळेबाहेर कायदेशीर गोष्ट केली म्हणून नोकरीवरून काढता येणार नाही, असा साधारण गाभा. या लाटेला मोठा जोर होता सिगारेट कंपन्यांचा, घरी सिगारेट ओढणाऱ्याला नोकरीवरून काढू नका म्हणून! न्यूयॉर्कच्या कायद्यात राजकीय काम आणि "मनोरंजन" याला संरक्षण आहे. मग वॉलमार्टने एकमेकांना डेट करणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांना काढलं, आणि १९९५ साली तिथल्या अपील कोर्टाने ठरवलं की डेटिंग हे मनोरंजन नव्हे. म्हणजे स्वतंत्र कायदा असूनही शब्दांचं भांडण सुटलं नाहीच.

आपल्याकडे असा सरसकट कायदा नाही. १९४६ च्या कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. ती २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुन्या केंद्रीय कायद्यात स्थायी आदेशांची सक्ती १०० कामगारांपासून होती, आता ३०० पासून आहे. आणि इंजिनियर हा कायद्याच्या भाषेत "कामगार" आहे का, यावर वाद घालता येतो तो वेगळाच. २०२२ साली विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांचं काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं तेव्हा आपण कँटीनमध्ये आठवडाभर चर्चा केली. ते प्रकरण समजण्यासारखं आहे, दोन पगारांचा प्रश्न होता. रविवारच्या एकांकिकेत कुठला आलाय दुसरा पगार?

हे सगळं वाचल्यावर मला एक गोष्ट खटकली. पॅकिंगवाल्या बायकांमागे युनियन होती. हवाई सुंदऱ्या एकत्र कोर्टात गेल्या. ग्लॅक्सोचे कामगार संघटित होते. आपण काय केलं? आपण टिक केलं. आणि मित्राने भूमिका सोडली तेव्हा मी स्वतः त्याला म्हणालो होतो, "जाऊ दे ना यार."

काल संध्याकाळी आजींना १९६५ च्या निकालाबद्दल सांगितलं. त्यांना माहीतच नव्हता. थोडा वेळ गप्प बसल्या, मग विचारलं, "त्या पोरींना परत घेतलं का रे कामावर?" ते मला सांगता आलं नाही. मी निकाल वाचला होता, पोरींचं काय झालं हे निकालात शोधायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

असो. सोमवारी मी एचआरला मेल टाकणार आहे. एकच प्रश्न: अकराव्या पानावरच्या "न शोभणारं" याची व्याख्या लेखी मिळेल का? मेलचा मसुदा टीममधल्या सात जणांना पाठवलाय. आत्तापर्यंत तिघांनी नाव घालायला हो म्हटलंय, त्यात तो नाटकवालाही आहे.