धारावीचा काळा किल्ला आणि दगडावरचे नाव



किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोंगरावरचा गड येतो. पण सर्वच किल्ले डोंगरावर नसतात आणि सर्वच राजांनी बांधलेले नसतात. काही किल्ले व्यापाऱ्यांनी बांधले, तेही भीतीपोटी, नदीकाठच्या चिखलात. असा एक किल्ला मुंबईत धारावीत आहे. आम्ही गिरणी कामगार माणसे. मुंबईत राहिलो, या किल्ल्याच्या बाजूने ये-जा केली. बेस्टच्या बसवर ‘काळा किल्ला’ अशी पाटी वाचली, कारण तिथे त्याच नावाचा बस डेपो आहे. पण किल्ला कुठे, कोणी बांधला, कशासाठी बांधला, हे विचारले तर शंभरातले नव्वद लोक मान हलवतात. म्हणून पुस्तके चाळून आणि जागेवर जाऊन जे समजले ते स्मरणिकेच्या वाचकांसमोर ठेवतो. कामठ्याच्या माणसाला धारावीच्या किल्ल्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुढे येईल.

या किल्ल्याचे कागदोपत्री नाव रिवा किल्ला. दगड काळा म्हणून लोकांनी त्याला काळा किल्ला म्हटले. वसईच्या मोहिमेत धारावीच्या किल्ल्याचे नाव येते, तो मात्र वेगळा. ती धारावी भाईंदर-उत्तनकडची. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.

आता थोडा मागचा इतिहास बघू. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला लग्नाच्या करारात मिळाले, ते साल १६६१. राजाने १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकले. एवढे बेट आणि भाडे दहा पौंड! पण बेट मिळाले तरी झोप मिळाली नाही. उत्तरेला खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी. ठाणे, कुर्ला, वांद्रे हा सगळा मुलूख त्या साष्टीत. तो पोर्तुगीजांचा. समुद्रावर जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला आणि माहीम, माझगाव घेऊन त्याने इंग्रजांना त्यांच्या कोटात कोंडून ठेवले. तेव्हापासून कंपनीला एक गोष्ट पक्की कळली की शत्रू समोरच्या दाराने येत नाही, मागच्या दाराने येतो.

मुंबईचे मागचे दार म्हणजे मिठी नदी. विहार आणि पवईच्या बाजूने ती येते आणि माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. आज तिचा नाला झालेला दिसतो, पण त्या काळी भरती आली की पाणी दूरवर पसरायचे. काठाला तिवराची झाडी, चिखल, आणि धारावी म्हणजे कोळ्यांचे गाव. होडीतून माणसे उतरवायची तर याहून सोयीची जागा नाही.

१७३७ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने ठाणे घेतले आणि साष्टी मराठ्यांच्या ताब्यात गेली. कालपर्यंत नदीपलीकडे दुबळा पोर्तुगीज होता, आज मराठ्यांची फौज येऊन उभी राहिली. कंपनीचा थरकाप झाला. त्याच वर्षी, १७३७ मध्ये, हा किल्ला उभा राहिला. काही पुस्तकांत तो जेराल्ड ऑन्जिअरच्या काळातला, म्हणजे १६७० च्या आसपासचा म्हटला आहे. पण भिंतीवरच्या इंग्रजी शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमाने १७३७ मध्ये बांधला असा मजकूर आहे. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. जुलैमध्ये कंपनीने मराठ्यांशी तह केला. त्याच सुमारास शहरातल्या व्यापाऱ्यांनी मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायला तीस हजार रुपये वर्गणी काढली. भीती किती होती, ते यावरून समजा.

आता रचना. रायगड मनात ठेवून कोणी काळा किल्ला बघायला गेले तर निराश होईल. हा मोठा किल्ला नाहीच. ही नदीवरची पहाऱ्याची चौकी. आत राजवाडा नाही, बाजार नाही. जाड भिंती, त्याही मुंबईच्याच काळ्या दगडाच्या. भिंती फार उंच नाहीत, त्यालाही कारण आहे. तोफा आल्यावर उंच भिंत म्हणजे तोफेला आयते निशाण झाले. म्हणून त्या काळचे कारागीर भिंत बुटकी आणि रुंद बांधू लागले, म्हणजे गोळ्याचा मार भिंतीच्या अंगात जिरावा. आज आत जायला धड दरवाजाही नाही. पडक्या भागातून चढून जावे लागते.

पण या किल्ल्याची खरी रचना एकट्या किल्ल्यात दिसत नाही. ती साखळीत दिसते. नदीच्या तोंडावर माहीमचा किल्ला, मधे काळा किल्ला, पूर्वेला टेकडीवर सायनचा किल्ला आणि पुढे समुद्राच्या बाजूला शिवडीचा. माहीमने होडी आत शिरताना बघायची, काळ्या किल्ल्याने काठावर नजर ठेवायची, सायनने टेकडीवरून सगळे न्याहाळायचे. आमच्या गिरणीच्या भाषेत सांगायचे तर एक माणूस चार मशीनवर लक्ष ठेवू शकत नाही, म्हणून खात्यात ठिकठिकाणी माणसे उभी करतात. तसेच हे.

पुढे काय झाले? १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे राहिली. झाले! नदीच्या दोन्ही काठांवर एकच मालक. मग पहारा कोणावर करायचा? १८४५ मध्ये माहीमची खाडी पुलाने जोडली. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली, ती सायनवरूनच. १८६० नंतर शहराचा मोठा कोटसुद्धा इंग्रजांनी स्वतःच पाडून टाकला. काळा किल्ला पाडायचीही कोणाला गरज वाटली नाही. सीमा सरकली आणि किल्ला जागच्या जागी म्हातारा झाला. भोवती भराव पडला, वस्ती झाली, नदी दूर गेली.

आता कामठ्याकडे येऊ. नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात कामठ्याची जमीनदारी एका कुणबी घराण्याकडे होती. १८१८ मध्ये अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले, तेव्हा कामठ्याच्या चिमणा पाटलाने त्यांच्या बाजूने उठाव केला. कंपनीची फौज कामठ्यावर आली, उठाव मोडला आणि जमीनदारी काढून लोधी घराण्याला दिली. १७३७ मध्ये मराठ्यांच्या भीतीने चिखलात किल्ला बांधणारी हीच कंपनी ८१ वर्षांनी आपल्या कामठ्यात येऊन जमीनदार बदलून गेली. मुंबईचा इतिहास आणि आपल्या गावाचा इतिहास वेगळा नाही, तो असा.

जमीनदार बदलला, पण शेतात राबणारा माणूस बदलला का? नाही. वेठ करणारा तोच राहिला. आणि इथेच आम्हाला काळ्या किल्ल्याच्या शिलालेखाची गोष्ट सांगायची आहे. त्या दगडावर हुकूम देणाऱ्याचे नाव आहे. दगड फोडणाऱ्याचे नाही, चुना कालवणाऱ्याचे नाही, भरतीच्या चिखलात पाया खणणाऱ्याचे नाही. जगातल्या बहुतेक किल्ल्यांची तीच गत. गिरणीच्या फाटकावरही मालकाचे नाव असते, साच्यावर उभे राहणाऱ्याचे नसते.

पण प्रत्येक दगड असा नाही. आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथेही तटबंदी आहे, खंदक आहे. पण १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथल्या जगन्नाथ टेकडीचे उत्खनन केले, तेव्हा किल्ल्याहून मोठी गोष्ट सापडली. दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप! त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. ही नावे राजांची नव्हेत, साध्या स्त्री-पुरुषांची आहेत. ज्याने जेवढे दिले, त्याचे तेवढे नाव दगडाने सांभाळले. एका नदीच्या काठी हुकमाचा दगड, दुसऱ्या नदीच्या काठी दानाचा दगड. आपण कोणत्या दगडाचे वारस आहोत, हे सांगायला नको.

काळ्या किल्ल्याची निगा राखली गेली पाहिजे. धारावीचा पुनर्विकास होऊ घातला आहे, त्या गडबडीत हा किल्ला कचऱ्याखाली जाऊ नये. तो इंग्रजांचा म्हणून टाकून देण्यासारखा नाही, कारण हुकूम त्यांचा असला तरी हात इथल्याच माणसांचे होते. मुंबईला गेलात तर मुलांना तिथे जरूर घेऊन जा.

आणि एक विनंती. आपले विहार उभे करताना कोणी विटा वाहिल्या, कोणी पाणी भरले, कोणत्या माउलीने पदराच्या गाठीची नाणी सोडून दिली, ते सांगणारे लोक अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारा, वहीत लिहून ठेवा, नावासकट लिहा. जॉन हॉर्नचे नाव १७३७ पासून टिकले, कारण कोणीतरी ते कोरले. आपल्या आईबापांची नावे कोरायला कोणी गव्हर्नर येणार नाही. ते काम आपल्यालाच करायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!