फिनिश हवाई दल : लढाऊ विमाने व मानचिन्हे

फिनलंडच्या लष्करी विमानांवर १९१८ ते १९४५ या काळात पांढऱ्या वर्तुळातील निळे स्वस्तिक हे राष्ट्रीय मानचिन्ह असे. त्याचा उगम नाझी जर्मनीत नाही. यादवी युद्ध चालू असता ६ मार्च १९१८ रोजी स्वीडिश सरदार एरिक फोन रोसेन याने श्वेत सेनेस देणगीदाखल दिलेले थूलिन विमान व्हासा येथे उतरले. रोसेन शुभचिन्ह म्हणून वापरीत असलेले निळे स्वस्तिक त्याच्या पंखांवर रंगविलेले होते. सेनापती मानरहाइम याने त्याच महिन्यात ते मान्य केले. हिटलरच्या पक्षाने स्वस्तिक स्वीकारले ते १९२० मध्ये. तथापि रोसेन हा पुढे गोरिंगचा साडू झाला व १९३० नंतरच्या दशकात स्वीडनमधील नाझी विचाराच्या गटांशी त्याचा संबंध आला. त्यामुळे या चिन्हाचा इतिहास वाटतो तितका सरळ राहत नाही.

सोव्हिएट संघाने ३० नोव्हेंबर १९३९ रोजी हल्ला केला, तेव्हा फिनलंडची मुख्य भिस्त सु. ३६ फॉकर डी–२१ विमानांवर होती. या विमानाची चाके आत घेता येत नसत व त्याचा वेगही बेताचाच होता. ही उणीव वैमानिकांच्या शिक्षणाने भरून निघाली : दोन व चार विमानांच्या विरळ रचनेत लढण्याचा सराव फिनिश वैमानिकांनी युद्धापूर्वीच केला होता. ६ जानेवारी १९४० रोजी योर्मा सारवांतो याने सु. चार मिनिटांत सहा बाँबफेकी विमाने पाडली. ब्रिटनकडून ग्लॅडिएटर, फ्रान्सकडून मोरान, इटलीकडून फियाट व अमेरिकेकडून ४४ ब्रूस्टर अशी सरमिसळ मदत मिळाली. पण त्यांपैकी बरीच विमाने युद्ध संपत आल्यावर पोहोचली.

जून १९४१ मध्ये फिनलंड जर्मनीच्या बाजूने पुन्हा युद्धात उतरला. विमानांवर पूर्व आघाडीचे पिवळे पट्टे आले. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनने फिनलंडविरुद्ध युद्ध पुकारले, तरी ब्रिटिश बनावटीची विमाने फिनिश दलात उडतच राहिली. मिडवेच्या लढाईत निकृष्ट ठरलेल्या ब्रूस्टर विमानाने येथे मात्र उत्तम कामगिरी केली. १९४३ पासून मेसरश्मिट १०९ जी आले. इल्मारी यूटिलाइनेन याच्या नावावर ९४ विजय नोंदले आहेत.

सप्टेंबर १९४४ मधील युद्धविरामानंतर पिवळे पट्टे पुसले गेले व लॅपलंडमध्ये हेच दल जर्मनांविरुद्ध लढले. त्या लढाईच्या बहुतेक काळात विमानांवर स्वस्तिकच होते. १ एप्रिल १९४५ पासून त्याऐवजी पांढऱ्या–निळ्या–पांढऱ्या रंगांचे वर्तुळ आले. पॅरिसच्या तहाने (१९४७) लढाऊ विमानांची संख्या ६० वर मर्यादित केली.

विमानांवरून गेलेले स्वस्तिक दलाच्या ध्वजांवर व मुख्यालयाच्या बोधचिन्हात टिकून राहिले. बोधचिन्हातून ते २०१७ मध्ये गाजावाजा न करता काढण्यात आले. ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली ती २०२० मध्ये. तुकड्यांच्या ध्वजांवरूनही ते काढण्यात येईल, असे २०२५ मध्ये जाहीर झाले.