रस्ता अपघातात जखमी झाल्यास: उपचार, कागदपत्रे आणि नुकसानभरपाईचे हक्क

अपघातातून रुग्ण वाचला, ऑपरेशन झाले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, हे पुन्हा चालतील ना?" दुसरा प्रश्न काही आठवड्यांनी येतो, बहुतेक वेळा दबक्या आवाजात. "क्लेम करता येईल का? काय काय कागद लागतील?" तोपर्यंत काही कागद हरवलेले असतात आणि काही मुळातच चुकीचे लिहिलेले असतात.

मी वकील नाही. पण अपघातातल्या रुग्णांचे केस पेपर, दाखले आणि बिले यांच्याशी माझा नेहमी संबंध येतो. त्यातून एक गोष्ट लक्षात आली आहे. भरपाईचा दावा बऱ्याच अंशी दवाखान्यात लिहिलेल्या कागदांवर उभा राहतो. म्हणून उपचार सुरू असतानाच पुढील माहिती घरातल्या एखाद्या व्यक्तीने तरी वाचून ठेवावी.

आधी उपचार, मग पोलीस

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हणतात. या वेळेत रक्तस्राव थांबवणे आणि श्वासमार्ग मोकळा ठेवणे यावर जीव अवलंबून असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार डॉक्टरने कोणत्याही कागदोपत्री सोपस्काराची वाट न पाहता जखमीवर उपचार सुरू केले पाहिजेत. "आधी पोलिसांचा कागद आणा" असे कोणी म्हणाले, तर ते कायद्याला धरून नाही.

जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या वाटसरूलाही कायद्याने संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्यामुळे मदत करताना घाबरू नका. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलीस व इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

केस पेपरवर खरी हकीकत लिहून घ्या

दुधाचा व्यवसाय करणारे एक रुग्ण माझ्याकडे येत असत. पहाटे मागून आलेल्या मोटारीने त्यांच्या दुचाकीला धडक दिली आणि मांडीचे हाड मोडले. पोलिसांची कटकट नको म्हणून भावाने कॅज्युअल्टीत "गाडी घसरून पडले" असे सांगितले. केस पेपरवर तेच लिहिले गेले आणि डिस्चार्ज कार्डावरही तेच उतरले. चार महिन्यांनी हाड जुळत नाही म्हणून दुसरे ऑपरेशन करायची वेळ आली, तेव्हा घरच्यांनी दाव्याचा विचार केला. "डॉक्टर, तेवढे एक वाक्य बदलून मिळेल का?" असे भाऊ मला विचारत होता. ते बदलता येत नाही. कोणताही डॉक्टर जुनी नोंद बदलू शकत नाही आणि बदलूही नये. विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी तोच कागद पुढे करतो.

म्हणून दाखल होताना पुढील गोष्टी स्पष्ट सांगा:

- अपघाताची तारीख, वेळ आणि ठिकाण
- धडक कोणत्या वाहनाने दिली आणि माहीत असल्यास त्याचा क्रमांक
- रुग्ण चालवत होता, मागे बसला होता की पायी चालला होता
- दुखापत झालेले सगळे भाग, अगदी किरकोळ वाटणारा मुका मारसुद्धा
- बेशुद्धी, उलटी, कान-नाकातून रक्त आले असल्यास ते

वाहनाचा क्रमांक माहीत नसेल तर "माहीत नाही" असेच सांगा. ऐकीव क्रमांक सांगू नका. रस्ता अपघाताची नोंद रुग्णालयात एमएलसी म्हणून होते आणि तशी सूचना पोलिसांना जाते. एमएलसी क्रमांक टिपून ठेवा.

पहिल्या सात दिवसांचा खर्च

केंद्र सरकारच्या २०२५ च्या कॅशलेस उपचार योजनेनुसार मोटार वाहनामुळे झालेल्या रस्ता अपघातातील जखमीला, अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे उपचार नियुक्त रुग्णालयात मोफत मिळू शकतात. चूक कोणाची किंवा रुग्णाचा विमा आहे का, हे यात पाहिले जात नाही. मात्र अपघाताची पोलिसांकडून खात्री होणे गरजेचे असते, म्हणून पोलिसांना कळवायला उशीर करू नका. यादीत नसलेल्या रुग्णालयात या योजनेतून फक्त प्रकृती स्थिर होईपर्यंतचे उपचार मिळतात.

याशिवाय महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

भरपाई कोणाकडून मिळते?

*दुसऱ्या वाहनाच्या चुकीमुळे दुखापत झाली असेल तर:* त्या वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. रकमेला ठरावीक मर्यादा नसते. प्रत्यक्ष नुकसान पाहून ती ठरते. रुग्णाचीही काही चूक असेल तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते.

*चूक सिद्ध करण्याच्या वादात पडायचे नसेल तर:* कलम १६४ मध्ये ठरावीक रकमेची तरतूद आहे. मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये. मात्र ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा पुढे चालत नाही. कायमचे अपंगत्व येण्याची शक्यता असेल तर सल्ला घेतल्याशिवाय सही करू नका.

*अज्ञात वाहन धडक देऊन पळून गेले असेल तर:* हिट अँड रन योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. यासाठी अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे, करायचा असतो. वाहन सापडत नाही म्हणून पोलिसांनी तपास बंद केला, तरी हा हक्क राहतो.

*स्वतःच्याच चुकीने अपघात झाला असेल तर:* वाहनमालक स्वतः चालवत असल्यास पॉलिसीतील 'ओनर-ड्रायव्हर' वैयक्तिक अपघात विमा पाहा. त्याची रक्कम १५ लाख रुपये असते. पण ती मृत्यू, हात-पाय किंवा डोळा गमावणे, कायमचे पूर्ण अपंगत्व यांसाठीच आहे. नुसते हाड मोडले तर त्यातून पैसे मिळत नाहीत.

'गंभीर दुखापत' हा कायद्याचा शब्द आहे. हाड मोडणे किंवा सांधा निखळणे, दात तुटणे, डोळा किंवा कान कायमचा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, तसेच १५ दिवस नेहमीची कामे करता न येणे, हे सगळे त्यात येते. म्हणून "साधे फ्रॅक्चर" आहे असे समजून हक्क सोडू नका.

दावा कुठे आणि किती दिवसांत?

अपघात झाला त्या भागातल्या न्यायाधिकरणात, किंवा तुम्ही राहता अथवा व्यवसाय करता तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. सोलापूरच्या माणसाला पुण्याजवळ अपघात झाला, तर तो सोलापुरातही दावा करू शकतो.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार अपघातापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. मोठ्या फ्रॅक्चरमध्ये हे महिने ऑपरेशन आणि फिजिओथेरपीतच निघून जातात. पूर्ण बरे होण्याची वाट पाहू नका. अर्ज आधी दाखल करता येतो आणि पुढची बिले व दाखले नंतर जोडता येतात. मुदत उलटली असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नका.

पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्यांनी पाठवलेला अहवाल न्यायाधिकरण दाव्याचा अर्ज म्हणूनही धरू शकते. तपास अधिकाऱ्याला तो पाठवला का, हे विचारत राहा.

पैसे कशाकशाचे मिळतात?

फक्त हॉस्पिटलच्या बिलाचे, असा अनेकांचा समज असतो. न्यायाधिकरण पुढील गोष्टींचाही विचार करते:

- औषधे, तपासण्या, फिजिओथेरपी, येण्या-जाण्याचा खर्च, पोषक आहार
- सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा खर्च
- उपचारांच्या काळात बुडालेली कमाई
- अपंगत्वामुळे पुढे कमी होणारी कमाई
- पुढचे उपचार, उदा. प्लेट काढणे, कृत्रिम अवयव
- वेदना, मनस्ताप आणि आयुष्यातल्या आनंदाला मुकणे

गृहिणीचे "उत्पन्न नाही" म्हणून तिचा दावा शून्य ठरत नाही. घरकामाला आर्थिक मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा मान्य केले आहे.

अपंगत्वाचा टक्का म्हणजे काय?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात. दाखल्यावर "उजव्या पायाचे ३० टक्के अपंगत्व" असे लिहिले असेल, तर ते त्या पायाचे असते, संपूर्ण शरीराचे नव्हे. आणि शरीराचे अपंगत्व व कमाईचे नुकसान हे दोन वेगळे हिशेब आहेत. घोटा आखडलेला गवंडी परातीवर चढू शकत नाही, त्याचा धंदाच बसतो. तोच घोटा बँकेत खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचा असेल, तर त्याचा पगार बहुधा चालू राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. दुखापतीमुळे माणूस त्याचे नेमके काम करू शकतो का, हे पाहायचे असते.

यासाठी तुम्ही काय करावे?

- प्रत्येक तपासणीत डॉक्टरांना तुमचे काम सांगा आणि त्यातले काय जमत नाही ते केस पेपरवर लिहून घ्या. "पाय दुखतो" एवढेच सांगू नका. "उकिडवे बसता येत नाही, जिना चढता येत नाही" असे सांगा.
- हाड जुळल्यावर आणि फिजिओथेरपी पूर्ण झाल्यावरच अपंगत्व ठरवता येते. घाईने घेतलेला दाखला टिकत नाही.
- दाखला सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडून किंवा उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडून घ्या. गरज पडल्यास त्या डॉक्टरांना साक्षीला यावे लागते. रुग्णाला कधीच न पाहिलेल्या डॉक्टरकडून पैसे देऊन आणलेला दाखला दावाच संशयास्पद करतो.
- डोक्याला मार लागला असेल तर विसरभोळेपणा, चिडचिड, झोप न येणे, फिट येणे यांकडे लक्ष ठेवा. ही लक्षणे काही महिन्यांनीही दिसतात. न्यूरॉलॉजिस्टला दाखवून त्यांची नोंद करून घ्या.

जपून ठेवायचे कागद

एक फाइल करा आणि तारखेनुसार लावा: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, एमएलसीची प्रत, जखमेचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, एक्स-रे व सीटी स्कॅनच्या फिल्म, सगळी बिले व प्रिस्क्रिप्शन, पगारपत्रक किंवा उत्पन्नाचा पुरावा, समोरच्या वाहनाच्या आरसी व विम्याची प्रत.

मेडिक्लेमसाठी मूळ बिले देण्याआधी त्यांच्या प्रती काढून रुग्णालयाचा शिक्का घ्या आणि विमा कंपनीने किती रक्कम दिली त्याचे पत्रही ठेवा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी लेखी मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. डॉक्टरांनी त्या ३ वर्षे जपणे बंधनकारक आहे. त्यामुळे मागायला उशीर करू नका.

हेही तपासा

- *प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना:* बँक पासबुकात वर्षाला २० रुपये कापलेले दिसतात का पाहा. मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाला २ लाख, तर एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात.
- *गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना:* महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबासाठी. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गमावल्यास २ लाख, एक अवयव गमावल्यास १ लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा.
- *ईएसआय:* कामावर जाता-येता झालेला अपघातही यात बसू शकतो. कंपनीला लगेच लेखी कळवा.

वकील आणि तडजोड

रुग्णालयाच्या दारात येऊन "मिळेल त्यातले अमुक टक्के द्या" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. भरपाईत टक्केवारीने वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका. महिला, मुले, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

लोकअदालतीतली तडजोड लवकर पैसे मिळवून देते, पण तो निकाल अंतिम असतो. त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: "यांना अजून ऑपरेशन लागेल का आणि हे आपले काम पुन्हा करू शकतील का?" त्याचे उत्तर लिहून घ्या. ते हातात येईपर्यंत तडजोडीच्या रकमेला होकार देऊ नका.